विश्लेषण : गायतोंडेंच्या एका चित्राला ६७ कोटी, पण त्यांची चित्रे एकत्र पाहायची कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये 'सॅफ्रनआर्ट'च्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७.०८ कोटी रुपयांना विकले गेले. चित्राला नाव नाही. त्यात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. बातमी मोबाइलवर फिरली आणि पाठोपाठ नेहमीचा प्रश्नही फिरला : 'यात एवढे आहे तरी काय?'

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एका फोटोत सापडत नाही. ते शोधण्यासाठी जगभरातली संग्रहालये एक मोठा खटाटोप करतात. त्याला सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणतात. नागपुरात जन्मलेल्या आणि गिरगावच्या चाळीत वाढलेल्या गायतोंडे यांचे असे पहिले संग्रहालयीन प्रदर्शन भरले ते न्यूयॉर्कमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. ही प्रदर्शने का भरतात, ती कोण ठरवतो आणि किल्लारीसारख्या गावातल्या वाचकाला त्याचे काय, याचा हा आढावा.

थोडक्यात

• सिंहावलोकनी प्रदर्शनात एका कलावंताचे आयुष्यभराचे काम कालक्रमाने एकत्र मांडले जाते.
• अमूर्त चित्रकार समजून घेण्यासाठी असे प्रदर्शन विशेष उपयोगी, कारण एकेकटे चित्र फारसे बोलत नाही.
• गायतोंडे यांचे प्रदर्शन न्यूयॉर्क आणि व्हेनिसला झाले, ते भारतात आले नाही. प्रभाकर बरवे यांचे मुंबईत झाले, पण चर्चा झाली ती उद्घाटनातल्या वादाची.

सिंहावलोकनी प्रदर्शन म्हणजे नेमके काय?

सिंह चालता चालता थांबून मागे वळून पाहतो, त्यावरून सिंहावलोकन हा शब्द आला. गॅलरीतल्या नेहमीच्या प्रदर्शनात चित्रकाराचे अलीकडचे काम असते आणि ते बहुधा विक्रीसाठी असते. सिंहावलोकनी प्रदर्शन वेगळे असते. त्यात विद्यार्थिदशेतल्या कामापासून शेवटच्या चित्रापर्यंतचा प्रवास दिसतो. चित्रे विकायला नसतात. ती ठिकठिकाणच्या संग्रहालयांकडून आणि खासगी संग्राहकांकडून काही महिन्यांसाठी उसनी आणलेली असतात.

उसनी आणणे हेच सर्वात अवघड काम असते. कोणते चित्र कोणाकडे आहे याचा शोध घ्यावा लागतो. मालकाची परवानगी, विमा, खास पेट्यांत पॅकिंग, वाहतूक, दालनातले तापमान आणि आर्द्रता यांवर नियंत्रण, हे सगळे सांभाळावे लागते. चित्र निघताना आणि पोहोचल्यावर त्याची तपासणी होते. रंगाला तडा गेला आहे का, कॅनव्हास सैल झाला आहे का, याची लेखी नोंद ठेवली जाते. कोणती चित्रे घ्यायची, ती कोणत्या क्रमाने लावायची आणि त्यातून काय सांगायचे, हे क्युरेटर ठरवतो. प्रदर्शनासोबत अभ्यासपूर्ण ग्रंथ निघतो. प्रदर्शन उठल्यानंतर मागे उरते ते हेच दस्तऐवजीकरण. पुढे एखादे बनावट चित्र बाजारात आले, तर ते ओळखायलाही याच नोंदी कामी येतात.

अमूर्त चित्रकाराच्या बाबतीत ते अधिक महत्त्वाचे का?

राजा रविवर्मा यांचे एखादे चित्र एकटे पाहिले तरी कथा कळते. अमूर्त चित्रात अशी कथा नसते. रंग, पोत, प्रकाश, रिकामी जागा आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते एवढेच समोर असते. त्यामुळे एकच चित्र पाहणाऱ्याला ते 'सहज जमून गेलेले' वाटू शकते. पण वीस वर्षांतली चाळीस चित्रे ओळीने पाहिली, की चित्रकाराने काय ठेवले, काय सोडले आणि कोणत्या प्रश्नाचा पाठलाग केला, ते दिसू लागते.

हे मराठवाड्याला अगदीच परके नाही. घरात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली जाते. कोणता तुकडा कोणाशेजारी लावायचा, धावदोरा कसा फिरवायचा, हे शिवणारी ठरवते. त्या वाकळीकडे पाहून 'हे चित्र कशाचे?' असे कोणी विचारत नाही. गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या तांदळ्याला नाक-डोळे का नाहीत, असेही कोणी विचारत नाही. आकाराशिवाय अर्थ असू शकतो, हे आपण रोजच्या जगण्यात मान्य केलेले आहे. कॅनव्हास समोर आला की मात्र आपण त्यात वस्तू शोधू लागतो.

गायतोंडे कोण होते?

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. कुटुंब मूळ गोव्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. हुसेन, रझा, सूझा यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. सुरुवातीच्या चित्रांत माणसे आणि आकृत्या होत्या. पन्नासच्या दशकात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले याचा प्रभाव दिसतो. त्यानंतर आकृत्या विरत गेल्या.

१९५७ मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच सुमारास त्यांनी मुंबई सोडून दिल्लीचे निजामुद्दीन गाठले. झेन विचार, निसर्गदत्त महाराज आणि जे. कृष्णमूर्ती यांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. माणसांत फारसे मिसळणे नाही, मुलाखती मोजक्याच, स्वतःची जाहिरात तर नाहीच.

त्यांची पद्धतही वेगळी होती. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ ही त्यांची मुख्य साधने. कॅनव्हासवर रंगाचा थर द्यायचा, तो पुसायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा. कागदाचे फाटके तुकडे रंगात दाबून उचलायचे. त्यामुळे चित्रात उजेड वरून पडल्यासारखा न वाटता आतून झिरपल्यासारखा वाटतो. हात चालण्याआधी विचाराला फार वेळ जाई. म्हणून वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. १९८४ मध्ये झालेल्या अपघातानंतर काही काळ मोठे कॅनव्हास बंद झाले, तेव्हा ते कागदावर लहान आकाराचे काम करत राहिले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना पटत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटे. या दोन शब्दांत फरक आहे. समोरच्या वस्तूचा आकार गाळत गाळत जे उरते ते अमूर्त. वस्तूपासून सुरुवातच नाही, ते वस्तुनिरपेक्ष.

न्यूयॉर्कमध्ये काय झाले?

२४ ऑक्टोबर २०१४ ते ११ फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात गायतोंडे यांचे प्रदर्शन भरले. क्युरेटर होत्या संधिनी पोद्दार. आशिया, युरोप आणि अमेरिकेतल्या सुमारे ३० संग्रहांतून ४५ चित्रे आणि कागदावरची कामे गोळा केली होती. 'प्रक्रिया म्हणून चित्र, जगणे म्हणून चित्र' असा प्रदर्शनाच्या नावाचा आशय होता.

यात एक योगायोग आहे. गुगनहाइम संग्रहालयाची सुरुवात १९३९ मध्ये झाली, तेव्हा त्याचे नाव 'वस्तुनिरपेक्ष चित्रकलेचे संग्रहालय' असेच होते. म्हणजे गायतोंडे ज्या शब्दाचा आग्रह धरत, त्याच शब्दावर उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांची चित्रे लागली. तिथल्या प्रेक्षकांना हेही कळले, की आधुनिक अमूर्त कला ही केवळ पॅरिस आणि न्यूयॉर्कची मक्तेदारी नव्हती. मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेतल्या एका कोपऱ्यातही त्याच काळात तितकेच गंभीर काम सुरू होते.

ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात हे प्रदर्शन व्हेनिसच्या पेगी गुगनहाइम संग्रहात लागले. भारतात मात्र ते आले नाही. ज्या देशातून बरीचशी चित्रे उसनी नेली होती, तिथल्या प्रेक्षकाला ती एकत्र पाहता आली नाहीत. मराठी वाचकाच्या वाट्याला आला तो ग्रंथ. 'चिन्ह'चे संपादक सतीश नाईक यांनी गायतोंडे यांच्या सहवासातल्या माणसांना लिहिते केले आणि त्यातून मराठीत 'गायतोंडे' हा ग्रंथ तयार झाला.

एका प्रदर्शनाने इतिहास बदलतो का?

कधी कधी बदलतो. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ पासून अमूर्त चित्रे काढली. अमूर्त कलेचे जनक म्हणून ज्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत असते, त्या कांदिन्स्कींच्या आधी. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि आपल्या मृत्यूनंतर २० वर्षे ही चित्रे दाखवू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. २०१८-१९ मध्ये गुगनहाइमने त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा सहा लाखांहून अधिक लोक आले. त्या संग्रहालयाच्या इतिहासातला तो विक्रम ठरला. 'पहिले अमूर्त चित्र कोणाचे?' या प्रश्नाचे जुने उत्तर आता कोणी बेधडक देत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या जवळचे आहे. नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. १९७२ पासून त्यांनी बडोद्याला अध्यापन केले. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. पेन, पेन्सिल आणि पट्टीने कागदावर ओढलेल्या रेषा, एवढ्यावर त्यांचे जग उभे होते. बहुतेक कामांवर ना नाव ना तारीख. हयातीत त्यांना ओळखणारा वर्ग लहान होता. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या दोन प्रदर्शनांपैकी एक नसरीन यांचे होते. माद्रिदचे रैना सोफिया संग्रहालय आणि दिल्लीचे किरण नाडर संग्रहालय त्यात सहभागी होते.

नागपूर आणि मुंबईत शिकलेले सय्यद हैदर रझा यांचेही मोठे प्रदर्शन २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात झाले.

किमती आणि प्रदर्शने यांचा संबंध काय?

संबंध आहे, पण तो सरळ रेषेतला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये 'ख्रिस्टीज'ने मुंबईत भारतातला आपला पहिला लिलाव घेतला. त्यात गायतोंडे यांच्या १९७९ च्या चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले. तेव्हा गुगनहाइमचे प्रदर्शन अजून उघडायचे होते. मार्च २०२१ मध्ये १९६१ चे चित्र ३९.९८ कोटींना गेले आणि २०२५ मध्ये आकडा ६७.०८ कोटींवर पोहोचला.

किंमत वाढण्यामागे साधे गणित आहे. चित्रे कमी, चित्रकार हयात नाही, म्हणजे पुरवठा वाढणार नाही. मागणी मात्र वाढते आहे. त्यात एखादे चित्र मोठ्या संग्रहालयात लागून गेले असेल, तर त्याचा अस्सलपणा आणि आधीच्या मालकीचा इतिहास पक्का मानला जातो. त्याचा फायदा चित्राच्या मालकाला होतो. म्हणूनच खासगी संग्राहकांकडून उसने घेतलेल्या चित्रांवर प्रदर्शन उभे राहते, तेव्हा ते अभ्यासासाठी किती आणि बाजारासाठी किती, हा प्रश्न जगभर विचारला जातो.

या वाढीतला रुपयाही गायतोंडे यांच्या हाती पडलेला नाही. आणखी एक परिणाम सामान्य प्रेक्षकावर होतो. चित्र जितके महाग, तितका त्याचा विमा महाग. तितके ते कुलूपबंद राहण्याची शक्यता अधिक. सार्वजनिक संग्रहालयांना अशी चित्रे आज विकत घेणे जवळजवळ अशक्य आहे. जी आधी घेतली गेली, तीच काय ती जनतेची. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन चित्रांचा संग्रह उभा केला, त्यात गायतोंडेही आहेत. त्या काळी ते दूरदृष्टीचे पाऊल होते, हे आजच्या किमती पाहून कळते.

अशी प्रदर्शने ठरवतो कोण?

हा प्रश्न महाराष्ट्रात जाहीरपणे विचारला गेला तो फेब्रुवारी २०१९ मध्ये. निमित्त होते प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचे.

बरवे यांचा जन्म १९३६ चा, रायगड जिल्ह्यातल्या नागावचा. ज. जी.त शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी. त्यानिमित्ताने ते वाराणसीत राहिले आणि तिथे तंत्रकलेच्या खुणा त्यांच्या चित्रांत आल्या. पुढे घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू विस्तीर्ण मोकळ्या अवकाशात ठेवून त्यांनी स्वतःची भाषा घडवली. ती पूर्ण अमूर्त नाही आणि वास्तवदर्शीही नाही. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये आले. चित्रकाराने मराठीत चित्राविषयी केलेले ते मोलाचे चिंतन आहे. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जेसल ठाकर यांनी बरवे यांची चित्रे, रेखाटने आणि रोजनिशींची पाने एकत्र मांडली. उद्घाटनाला अभिनेते-दिग्दर्शक आणि स्वतः अमूर्त चित्रकार असलेले अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्यामुळे यापुढे कोणाचे प्रदर्शन भरवायचे हे दिल्लीतून ठरेल, असा मुद्दा त्यांनी मांडला. मेहली गोभई आणि सुधीर पटवर्धन यांची आधी ठरलेली प्रदर्शने रद्द झाल्याचेही ते म्हणाले. त्यांना भाषणात वारंवार थांबवून फक्त बरवे यांच्यावर बोलण्यास सांगण्यात आले. त्याची ध्वनिचित्रफीत देशभर पसरली.

पुढे दोन्ही प्रदर्शने झाली. पटवर्धन यांचे नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, तर गोभई यांचे मार्च २०२० मध्ये. पण पटवर्धन ते पाहायला हजर होते, गोभई नव्हते. सप्टेंबर २०१८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या वादाचा गाभा व्यक्तींपुरता नाही. सार्वजनिक संग्रहालयाची भिंत मर्यादित असते. त्या भिंतीवर कोणाला जागा मिळते, यावरून पुढच्या पिढीला कोण आठवेल हे ठरते. तो निर्णय कलेच्या जाणकारांच्या समितीने उघडपणे घ्यायचा की कार्यालयीन आदेशाने, हा खरा प्रश्न होता. बरवे यांचे काम पाहायला गेलेल्यांपेक्षा ती चित्रफीत पाहणारे कितीतरी अधिक होते, हे त्यातले दुर्दैव.

किल्लारीच्या वाचकाला याचे काय?

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीत १९५४ मध्ये सुरू झाले, मुंबईत १९९६ मध्ये, बंगळुरूत २००९ मध्ये. मराठवाड्यात शाखा नाही. किल्लारीहून लातूर साधारण ४० किलोमीटर, तिथून रात्रीच्या रेल्वेने मुंबई. म्हणजे एक प्रदर्शन पाहायचे तर दोन रात्री प्रवासात आणि एका दिवसाचा रोज बुडतो. साहजिकच कला पोहोचते ती फोनवर.

आणि फोनवर नेमकी हीच चित्रे सर्वात जास्त हरवतात. माणसाएवढ्या उंचीचा कॅनव्हास सहा इंची पडद्यावर येतो, तेव्हा त्यातले थर सपाट होतात. गायतोंडे यांचा करडा आणि पिवळा रंग प्रत्येक मोबाइलवर वेगळा दिसतो. बाजूला सरकल्यावर बदलणारा उजेड फोटोत येतच नाही. चेहरा लहान झाला तरी चेहराच राहतो, पण पोत लहान झाला की डाग होतो. 'यात आहे काय?' हा प्रश्न पडतो त्याचे निम्मे कारण हे आहे. दोष पाहणाऱ्याचा नाही.

किल्लारीची ओळख बाहेरच्यांसाठी ३० सप्टेंबर १९९३ या एका तारखेत अडकली आहे. त्याआधी आणि त्यानंतर इथे लोक जगले, हे बातमीत येत नाही. गायतोंडे यांचीही ओळख तशीच एका आकड्यात अडकते आहे. आकड्यापलीकडचे काम पाहायला मिळणे, हाच त्यावरचा उपाय.

दहावीच्या वाढीव गुणांसाठी गावोगावची मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्यांच्या ओळखीचे असतात. वस्तुचित्र शिकणाऱ्या मुलाला वस्तुनिरपेक्ष चित्र म्हणजे काय, हे सांगणे अवघड नाही. त्यासाठी मूळ चित्रेच हवीत असेही नाही. मूळ आकारातल्या चांगल्या छापील प्रतींचे फिरते प्रदर्शन जिल्हा ग्रंथालयात किंवा शाळेच्या सभागृहात लावता येते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, ते यात पुढाकार घेऊ शकते.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर?

मुंबईला काही कामासाठी जाणे झाले, तर रिगल सिनेमाचा चौक लक्षात ठेवावा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन ही तिन्ही ठिकाणे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन प्रतिष्ठानच्या संग्रहात गायतोंडे आणि बरवे दोघेही आहेत. मांडणी बदलत असते, म्हणून सध्या काय लावले आहे ते आधी संकेतस्थळावर पाहावे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असते.

अमूर्त चित्रासमोर उभे राहिल्यावर 'हे काय आहे?' असे लगेच विचारू नये. आधी दोन पावले मागे जावे, मग जवळ यावे, मग बाजूने पाहावे. कोणता थर आधी लावला असेल, कुठे खरवडले असेल, ते शोधावे. पाच मिनिटे तरी द्यावीत. एवढे करूनही चित्र आवडले नाही, तर तेही चालेल. ते मत निदान किमतीवरून नव्हे, चित्र पाहून बनलेले असेल.